बिनकानाचे डोके

मेंढ्याचे डोके भाजण्याचे काम घरातल्या धाकट्या सुनेचे. गोवऱ्यांचा जाळ धरला की डोके सळईला खोचून त्यावर फिरवायचे, केस जळून गेले की सुरीच्या पाठीने काजळी खरवडायची, पापण्यांतले आणि कानांच्या घडीतले केस तापल्या सळईच्या टोकाने जाळायचे, आणि मग कातडी पिवळीधमक दिसेपर्यंत कोमट पाण्याने धूत राहायचे. लग्न होऊन या घरात आल्यापासून जूराच्या बोटांना तो करपट वास चिकटला होता. साबणाने तो जात नसे. तिची मुलगी जिबेक रोज झोपताना आईचा हात नाकाशी धरी आणि नाक मुरडून हसे. जिबेक सात वर्षांची होती आणि जन्मापासून तिला ऐकू येत नव्हते.

त्या वर्षी वसंत कोरडा गेला. खालच्या कुरणांत गवत बोटभरही उठले नाही, म्हणून जूराच्या मोठ्या दिरांनी, असानालींनी, कळप लवकरच वरच्या डोंगरावर न्यायचे ठरवले. निघण्यापूर्वी त्यांनी तंबूत जेवण घातले. जिल्ह्याहून आलेले गुरांचे डॉक्टर मानाच्या जागी बसले होते. डोके त्यांच्यापुढे ठेवले गेले. त्यांनी रिवाजाप्रमाणे कान कापला आणि चहूकडे पाहिले. कान पोराला द्यायचा असतो, म्हणजे पोर मोठ्यांचे ऐकते.

"पोरं कुठायत? कोणाला देऊ?"

"त्या कोपऱ्यातल्या पोरीला द्या, डॉक्टर," असानाली म्हणाले. "आमच्या कुबातची आहे. तिच्याइतकी गरज कोणाला नाही. एकानं भागायचं नाही, दोन्ही द्या!"

तंबू हसला. डॉक्टर आधी गोंधळले आणि मग तेही हसले. जिबेक उठून पुढे आली. आईने शिकवले होते तसे तिने दोन्ही हात पुढे केले, मान लववली, कान घेतला आणि तिथेच उभी राहून कुडुमकुडुम चावू लागली. सगळे हसताहेत हे पाहून तीही तोंडभर हसली. असानालींची बायको तुर्दूबू पदराने डोळे पुसत म्हणाली, "बघा तरी, कशी खातेय! आता संध्याकाळपर्यंत ऐकायला लागेल."

जूरा पाहुण्यांच्या हातांवर पाणी ओतत होती. तिने झारी तिरपी केली, पाणी ओतले, टॉवेल पुढे केला. पुढच्या माणसाकडे गेली. पाणी ओतले.

रिकामी भांडी घासताना तिने नवऱ्याला विचारले, "तूही हसलास?"

"मी नाही हसलो."

"हसला नाहीस. बरोबर. वाडग्यात बघत होतास."

कुबात खाली बघत घासलेली भांडी उचलू लागला. तो मऊ माणूस होता. वडील गेल्यापासून थोरल्या भावाने त्याला वाढवले होते, आणि भावासमोर त्याचा आवाज आपोआप खाली जाई.

तरीही जूराने दिरांना जे विचारायचे ठरवले होते ते दुसऱ्या दिवशी विचारले. जिल्ह्याच्या गावी वाचनालयामागच्या खोलीत दर गुरुवारी रायकान नावाची बाई बहिऱ्या मुलांच्या घरच्यांना जमवून हातांची भाषा शिकवत असे. तिचा स्वतःचा मुलगा बहिरा होता, आता तो मोठा होऊन सुतारकाम करत होता. "पोरांना मी शिकवत नाही," ती म्हणे. "पोरं शिकतातच. मी आयांना शिकवते." हिवाळ्यात जूरा तिथे जाई. तिथल्या चार भिंतींत जिबेक जशी बोटांनी भांडे, चहाड्या करी, थट्टा करी, तशी ती घरी कधीच दिसत नसे. पानगळीपासून रायकान मुलांसाठी रोजचा वर्ग उघडणार होती. तिथे राहायला जागा हवी होती, आणि त्या गावात असानालींचे एक घर होते.

रिवाजाप्रमाणे जूरा दिरांचे नाव कधी घेत नसे. नजर जमिनीवर ठेवून ती म्हणाली, "मोठे भाऊजी, तुमच्या तिथल्या घरातली एक खोली पानगळीत मिळाली असती तर..."

"तिथं लोकर ठेवलीय."

"सगळ्या घरात?"

"लोकरीला जागा लागते, जूरा." असानाली घोड्याचा तंग आवळत होते. त्यांनी मान वळवली नाही. "आणि हातवारे शिकून काय करणार आहे ती? माकडं करतात तसं? कोकरं राखायला कान लागत नाहीत. वर चल. या उन्हाळ्यात कोणी खाली उतरायचं नाही. गवत नाही, माणसं कमी आहेत. गुरुवार-बिरुवार विसरा."

सगळे वर गेले.

वरच्या कुरणावर दिवस पहाटे घोडीच्या आचळाशी सुरू होई. कुबात शिंगराला मानेला धरून आईशी उभे करी, जूरा एक गुडघा टेकून, मांडीवर बादली तोलून धारा काढी. मग मेंढ्या, मग कातडी पिशवीतले दूध दांड्याने घुसळणे, मग लाकडे नाहीत म्हणून गोवऱ्या, मग पाणी. वाऱ्याने ओठ फाटत. दुपारी गारा पडत आणि तासाभराने त्याच जागी ऊन लागे. जिबेक कोकरांमागे हिंडे आणि संध्याकाळी हातांनी आईला सांगे, कोणते लंगडते, कोणत्याने कोणाला ढुशी दिली.

शेजारच्या मोठ्या तंबूत असानाली, तुर्दूबू, त्यांची सून एलनूरा आणि तिचे बाळ असे राहत. मुलगा रशियात बांधकामावर होता. बाळाचे नाव एरबोल. तो वसंताच्या तोंडावर जन्मला होता आणि तुर्दूबू त्याच्याशिवाय दुसरे काही बोलत नसे.

"शांत कसा आहे बघ! कुत्री भुंकोत, ढग गडगडोत, हा आपला झोपलेला. राजाची झोप आहे."

जूरा ऐकून घेई. एका सकाळी जूरा मोठ्या तंबूत डावाने दही ढवळत असताना तुर्दूबूच्या हातून कढईचे लोखंडी झाकण सुटले आणि चुलीच्या दगडावर आदळले. दारातले कुत्रे उडाले. खुंट्याला बांधलेली दोन कोकरे उताणी पडली. एलनूराच्या हातातला चहा सांडला. एरबोल पाळण्यात जागा होता. तो वर छताच्या गोल झरोक्यातून येणाऱ्या उजेडाकडे पाहत होता आणि तसाच पाहत राहिला. त्याची पापणीही हलली नाही.

जूराचा डाव थांबला. मग तिने पुन्हा ढवळायला सुरुवात केली.

तिने त्यानंतर पाहिले, पुनःपुन्हा पाहिले. पाळण्यामागून खाकरले. वेताची काठी मोडली. चमचा वाडग्यावर आपटला. बाळ सावली पडली की वळे, पाऊल जमिनीवर जोराने पडले की वळे, एरवी नाही. शंका उरली नाही तेव्हा जूरा ओढ्यावर गेली, बादल्या भरल्या आणि तिथेच दगडावर बसली. तिच्या छातीत जे उठले ते दुःख नव्हते. ते उबदार होते, आणि ते तिने कोणालाही दाखवायचे नाही असे ठरवले.

पण जिबेकला कळायचे राहिले नाही. ती बाळाशी तासन्‌तास खेळे. एक दिवस ती धावत आली, आईचा कोपर ओढला, आपल्या कानाला बोट लावले, मग मोठ्या तंबूकडे दाखवले आणि दोन्ही तर्जन्या शेजारी शेजारी आणून जुळवल्या. तो माझ्यासारखा. तिचा चेहरा फुलला होता. इतक्या मोठ्या डोंगरावर तिला पहिल्यांदाच आपल्यासारखे कोणी सापडले होते.

तुर्दूबू मेंढ्यांकडून याच बाजूला येत होती.

जूराने मुलीचे दोन्ही हात धरले आणि खाली दाबले.

रायकानच्या खोलीत एकच नियम होता. तो दारावर लिहिलेला नव्हता, पण नवी आई आली की पहिल्यांदा तोच सांगितला जाई: काहीही झाले तरी मुलाचे हात धरायचे नाहीत. जिबेकने आईकडे पाहिले, आपल्या मनगटांकडे पाहिले. मग हात सोडवून घेतले आणि ती कोकरांकडे निघून गेली. त्या संध्याकाळी तिने कोणते लंगडते ते सांगितले नाही.

उन्हाळा अर्धा सरला तेव्हा एलनूरा आली. ती विशीतली पोर होती. घुसळणीचा दांडा हातात घेऊन बराच वेळ घुसळत राहिली आणि मग म्हणाली, "काकी, एक विचारू? सासूबाईंना सांगू नका."

"विचार."

"एरबोल... मी मागून हाक मारते ना, तो बघत नाही. पुढून गेलं तर हसतो. जिबेक लहान होती तेव्हा..." तिला पुढचे शब्द सापडेनात.

जूराच्या कानात अनेक वर्षांपूर्वीचा तुर्दूबूचा आवाज होता. जिबेक वर्षाची असताना, हाच प्रश्न घेऊन ती थोरल्या जावेकडे गेली होती. काही बाळं उशिरा बघतात, तुर्दूबू म्हणाली होती. उगीच पोराला नजर लावू नकोस. त्या वाक्यावर विसंबून जूराने दोन हिवाळे घालवले होते. रायकानने नंतर हलक्या आवाजात सांगितले होते की ते दोन हिवाळे परत मिळत नाहीत, त्या काळात पोराच्या डोक्यात शब्दांची घरटी बांधली जातात.

"काही बाळं उशिरा बघतात," जूरा म्हणाली. "उगीच पोराला नजर लावू नकोस."

एलनूराच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा उजेड आला तो पाहून जूराने खाली मान घातली आणि पिशवीचे तोंड आवळून बांधले.

तिला एलनूराचे वाईट करायचे नव्हते. पण त्या घराच्या छपरावर काही पडायचे असेल तर आत कोण कोण बसले आहे हे पाहायला ती तयार नव्हती. सबंध उन्हाळा ती एकच दृश्य पुनःपुन्हा मनात रचत राहिली: भरलेला तंबू, मानाचा पाहुणा, आणि असानाली. धारा काढताना ते सोबतीला असे. त्याने थंडीतही बोटे गरम राहत.

पानगळीत कळप खाली उतरले. एलनूराचे माहेर दरीपलीकडे होते. तिचे आईवडील नातवाला पहिल्यांदा पाहायला येणार म्हणून असानालींनी मोठा घाट घातला. घोडी कापली, मेंढा कापला, अंगणात तंबू उभा केला. व्याही म्हातारे, बोलण्यात कडक, दरीभर मान असलेले. डोके त्यांच्यापुढे जाणार होते.

"नीट भाज हं," तुर्दूबू सांगून गेली. "कान स्वच्छ कर. व्याह्यांची नजर बारीक आहे. कान एरबोललाच देणार ते."

"करते," जूरा म्हणाली.

तिने डोके नेहमीपेक्षा निगुतीने भाजले. एकही केस ठेवला नाही. धुतले, उकळले, ताटात नाकाच्या दिशेने नीट बसवले. मग सुरी पुसली आणि दोन्ही कान मुळापासून कापून घेतले. जखमा स्वच्छ, गोल, पांढऱ्या दिसत होत्या. जिबेक चुलीपाशी उकिडवी बसून पाहत होती. जूराने कान ओच्यात टाकले.

डोके पाहुण्यांपुढे नेण्याचे काम धाकट्या भावाचे. कुबात आला, वाकला आणि तसाच थबकला.

"कान?"

"ने."

"जूरा, व्याह्यांपुढं असलं डोकं? ते तोंडावर थुंकल्यासारखं आहे. दादा मला..."

"वाडग्यात बघायचं असेल तर वाडगा दुसरीकडं आहे," जूरा म्हणाली. "हे ताट आहे. ने."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने ताट उचलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने भावाला न विचारता एक गोष्ट केली. त्याने ते आत नेले.

ताट टेकले तेव्हा तंबूतली बोलणी एकेक करून विझली. व्याह्यांनी सुरी उचलली, डोके थोडे वळवले, पुन्हा वळवले. सुरी खाली ठेवली.

"हे काय आहे?" ते कोणाकडेही न पाहता म्हणाले. "आम्ही काय चुकलो, व्याही?"

असानालींचा चेहरा आधी पांढरा आणि मग जांभळा झाला. "कुबात! हे कोणी केलं? कुत्र्यानं खाल्लं? अरे बोल!"

"मी केलं," दारातून जूरा म्हणाली. तिच्या हातात झारी होती, खांद्यावर टॉवेल होता. "असानाली, मी केलं."

तिने नाव घेतले. बसलेल्या बायकांतून एक श्वास आत ओढला गेला. घरच्या सुनेने थोरल्या दिराचे नाव भरल्या बैठकीत उच्चारलेले त्यांतल्या कोणीही ऐकले नव्हते.

"बाहेर हो," असानाली दातांतून म्हणाले.

"होते. कान देऊन होते. वसंतात तुम्ही माझ्या मुलीला कान दिलात ना? तिला गरज आहे म्हणालात. सगळे पोट धरून हसलात. तिनं तो खाल्ला, पण काही उपयोग झाला नाही. म्हणून या खेपेला दोन्ही राखून ठेवले." तिने ओच्यातून कान काढले आणि ताटाच्या कडेला ठेवले. "हे तुमच्या नातवाला. त्याच्याइतकी गरज कोणाला नाही. एकानं भागायचं नाही."

"जीभ हासडीन!" तुर्दूबू उठली. "माझ्या लेकराला शाप देतेस? आपल्या पोटी दगड आला म्हणून..."

"सासूबाई, थांबा."

एलनूरा हे म्हणाली. तिने एरबोलला आपल्या वडिलांच्या मांडीवर दिले. मग चुलीजवळचा मोठा डाव उचलला, बाळाच्या पाठीमागे गेली, रिकामी पितळी परात स्वतःपुढे उचलून धरली, आणि डाव तिच्यावर हाणला.

सगळा तंबू दचकला. म्हाताऱ्या व्याह्यांचे खांदे उडाले. बाहेर घोड्यांनी दावणी ताणल्या. एरबोल आजोबांच्या टोपीच्या गोंड्याशी खेळत होता, तो खेळत राहिला. एलनूराने पुन्हा हाणला, आणि पुन्हा, परातीला पोचा पडेपर्यंत. शेवटी तिच्या वडिलांनीच तिचा हात धरला.

कोणी हसले नाही. जूराने जे दृश्य उन्हाळाभर रचले होते ते आता तिच्यासमोर होते, जसेच्या तसे: असानालींचे उघडे तोंड, अंग चोरून बसलेली तुर्दूबू, मान वळवलेले पाहुणे. ती ते पाहत होती आणि तिला ते गोड लागले. खरोखर गोड लागले. ती गोडी ओसरायच्या आत एलनूरा तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काकी, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

जूराला खोटे बोलता आले असते. "आपण वर गेल्यावर लगेच."

"मी विचारलं होतं तुम्हाला." एलनूराचा आवाज चढला नाही. "मी घुसळत होते. मी तुमच्याकडं आले होते. त्यांच्याकडं नाही, तुमच्याकडं."

झारीतले पाणी जूराच्या पायांवर सांडत होते. ते तिला उशिरा कळले.

पहिला बर्फ पडला त्या दिवशी असानाली आले. थोरला भाऊ धाकट्याच्या घरी काही मागायला येत नाही, म्हणून कुबात दार उघडून नुसताच उभा राहिला. असानालींच्या मागे एलनूरा होती, बाळ शालीत गुंडाळलेले. तिने सासऱ्यांना सांगितले होते की जिबेकपाशी न्या, नाहीतर मी माहेरी जाते आणि पुन्हा येत नाही.

असानाली मानाच्या जागेकडे गेले नाहीत. उंबऱ्याजवळ, जिथे चपला असतात, तिथे बसले. त्यांनी लोकरीच्या नमद्याची पांढरी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"लोकर विकली," ते चुलीकडे पाहत म्हणाले. "दोन खोल्या मोकळ्या केल्यात. एक तुमची, एक हिची. गुरुवारचं ते... रोजचं जे काय आहे, मी गाडीनं सोडीन."

जूराने आभार मानले नाहीत. "आणि?"

"आणि काय?"

"सोडाल. घेऊन याल. तो घरी आला की त्याच्याशी कोण बोलणार? तुम्हीच ना? माकडं करतात तसं?"

असानालींच्या जबड्यातली शीर उडली.

"शिकीन," असानाली म्हणाले.

"मी नाही शिकवणार. तिच्याकडं मागा."

जिबेक चटईवर बसली होती. असानाली गुडघ्यांवर सरकत तिच्यापुढे आले. मोठा देह, पांढरी दाढी, दावी ओढून राठ झालेले हात. त्यांनी ते हात दोन्ही पुढे केले, मान खाली घातली. जिबेकने आईकडे पाहिले. जूराने मान हलवली.

जिबेकने एक मूठ आवळली आणि सोडली. दूध.

असानालींनी दोन्ही हातांनी वरखाली ओढल्यासारखे केले. जिबेकने त्यांच्या डाव्या हातावर फाडकन चापट मारली आणि बोटे नाचवली.

"काय म्हणते?"

"म्हणते, ही घोडी झाली. तुमचा नातू घोडी पीत नाही."

कुबात खोकला. असानालींनी एका हाताने केले. अंगठा बाहेर राहिला. जिबेकने तो आत खुपसला. पुन्हा बाहेर राहिला. पुन्हा चापट. कपाळावर घाम आला तरी त्यांनी तो पुसला नाही. शेवटी मूठ नीट मिटली, नीट उघडली, आणि जिबेकने मान डोलावली.

"पुन्हा," जूरा म्हणाली.

"जमलं की आता."

"पुन्हा."

त्यांनी केले. जूराने त्यांना ते दिवा लावायची वेळ होईपर्यंत करायला लावले, बरोबर येत असतानाही, आणि त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

मध्येच तिने चहा केला होता. दूध घालून, मीठ घालून, पाहुण्याला देतात तसा वाडगे अर्धेच भरून. असानालींनी घेतला. कुबातने घेतला. एलनूरापुढे ठेवलेला वाडगा तसाच होता आणि त्यावर साय धरली होती. एलनूरा सबंध वेळ जिबेकच्या बोटांकडे पाहत होती, ओठ हलवत, मांडीवर आपली बोटे हलवत. जूराकडे तिने एकदाही पाहिले नाही.

जिबेकच्या ते लक्षात आले. घरात आलेल्याने चहा न पिता बसणे तिला चमत्कारिक वाटले असावे. तिने एलनूराच्या गुडघ्याला हात लावला, वाडग्याकडे बोट दाखवले, मग आईकडे दाखवले आणि मूठ ओठांकडे नेली. पी. आईने केलाय.

एलनूराने क्षणभर विचार केला. मग तिने बाळाच्या अंगाखालून उजवा हात मोकळा केला, तळवा जिबेककडे धरला आणि सावकाश, एकदाच, बाजूला नेला. नको.

कोणी न शिकवता तो शब्द तिला बिनचूक आला होता. जिबेकने आनंदाने टाळ्या पिटल्या आणि आईकडे वळून पाहिले, आईनेही पाहिले ना म्हणून.

जूराने पाहिले होते. ती उठली, वाडगा उचलला आणि बाहेर बर्फात रिकामा केला.